फोनवर आवाजाचा वेग मोजताना पाइप दीड सेंटीमीटर लांब कसा झाला?

माझी मामेबहीण बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती प्रोजेक्टची वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "दादा, आवाजाचा वेग ३२६ येतोय. पुस्तकात ३४३ आहे. मी सरळ ३४३ लिहून टाकू का? रीडिंग मागून जुळवते."

खरं सांगायचं तर मला हो म्हणायचा नैतिक अधिकार होता. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आम्ही किती जर्नलं अशीच भरली! आधी उत्तर, मग त्याला शोभेल असं रीडिंग, आणि मध्ये एखादा आकडा मुद्दाम थोडा बिघडवायचा, म्हणजे खरं वाटतं. पण तिच्या वहीतली एक गोष्ट मला खटकली. तिने पाच वेळा मोजलं होतं आणि पाचही वेळा फोनवर ८१४ हर्ट्झ आलं होतं. हात हलला, नीट ऐकलं नाही, अशी चूक असेल तर आकडा कधी वर जातो, कधी खाली. दर वेळी तेवढाच चुकणारा आकडा वेगळा असतो. आमच्या धंद्यात अशा बगला आम्ही चांगला बग म्हणतो, कारण तो हमखास परत दिसतो आणि म्हणून सापडतो.

मग ती संध्याकाळ आम्ही पाइप कापण्यात घालवली. हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. खर्च एका वायरिंगच्या पाइपचा.

पाइपच्या आत नेमकं काय चालतं

दोन्ही तोंडं उघडी असलेला पाइप घ्या. त्याला पुस्तकात खुली नळी म्हणतात. एका तोंडाशी हवेला धक्का दिला की तो दाब पाइपमधून पुढे पळतो. दुसऱ्या तोंडाशी पोचल्यावर तो बाहेर निघून जाईल आणि विषय संपेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बराचसा आवाज तिथूनच परत फिरतो. भिंत नाही, काही नाही, तरी परत फिरतो!

संध्याकाळी दादरला लोकल थांबते तेव्हाचा सीन आठवा. दाराशी खचाखच गर्दी. दार मोकळं मिळालं की लोक एवढ्या जोरात बाहेर पडतात की दाराजवळ क्षणभर चक्क जागा होते. मग मागचे त्या जागेत सरकतात, त्यांच्या मागे जागा होते, आणि ती रिकामी जागा डब्याच्या आत आत सरकत जाते. हवेचंही असंच. दाबाची लाट उघड्या तोंडाशी पोचली की हवा गरजेपेक्षा जास्त बाहेर पडते आणि कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. म्हणजे परतताना चिन्ह उलटं होतं. पहिल्या तोंडाशी आल्यावर पुन्हा उलटं. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. एक जाणं आणि एक येणं झालं की लाट होती तशी परत मिळते.

ही एक फेरी म्हणजे पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतर. फेरीला जेवढा वेळ लागतो त्या तालात तुम्ही धक्के देत राहिलात तर प्रत्येक नवा धक्का जुन्याला जोर देतो. झोका योग्य वेळी ढकलला की वर जातो, तसं. यालाच अनुनाद म्हणायचं. फेरी साडेतीन मिलिसेकंदांची असेल तर सेकंदाला साधारण २८४ फेऱ्या, म्हणून मूळ वारंवारता २८४ हर्ट्झ. पण एका फेरीत दोन पूर्ण धक्के बसवले तरी ताल चुकत नाही. तीन बसवले तरी नाही. त्यामुळे २८४ सोबत तिची दुप्पट, तिप्पट, चौपट असं सगळं त्या पाइपमध्ये वाजू शकतं. ह्या पटींना हार्मोनिक्स म्हणतात. बासरीत जरा जोरात फुंकलं की बोटं न हलवता सूर वरच्या सप्तकात उडी मारतो, तो दुसरा हार्मोनिक.

आता एक तोंड तळहाताने घट्ट बंद करा. बंद तोंडाशी लाट उलटी होत नाही, दाबाची लाट दाबाचीच राहून परतते. म्हणजे एका फेरीत उलटापालट एकदाच, आणि फेरीअखेर लाट उलट्या चिन्हाने हजर! होती तशी व्हायला दोन फेऱ्या लागतात, म्हणून सूर जवळपास निम्म्यावर उतरतो. शिवाय एका फेरीत जे नेमकं उलटं होतं तेच टिकतं, त्यामुळे एकपट, तिप्पट, पाचपट एवढेच हार्मोनिक्स उरतात. दुप्पट आणि चौपट गायब. पुस्तकातल्या त्या नोड-अँटिनोडच्या आकृत्या मला बारावीत पाठ होत्या, समजल्या नव्हत्या. फेऱ्या मोजायला लागल्यावर त्या समजल्या.

सूत्र आता पाठ करायची गरजच नाही. खुल्या नळीत आवाजाचा वेग म्हणजे २ × लांबी × मूळ वारंवारता. बहिणीचा पाइप २० सेंटीमीटरचा. २ × ०.२० × ८१४ = ३२५.६. गणित बरोबर होतं.

मोजायचं कसं

हार्डवेअरच्या दुकानात वायरिंगसाठी पीव्हीसी पाइप मिळतो. आम्ही बाहेरून २५ मिलिमीटरचा घेतला, आतला व्यास मोजला तर २२ मिलिमीटर. हॅकसॉने ६०, ४०, २० आणि १० सेंटीमीटरचे तुकडे केले. कडा पॉलिश पेपरने साफ करा, कापताना राहिलेली कूस लांबीत मिलिमीटरभर घोळ घालते.

फोनमध्ये फायफॉक्स हे अ‍ॅप घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं, मोफत, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. त्यातलं ऑडिओ स्पेक्ट्रम उघडलं की मायक्रोफोनमध्ये येणाऱ्या आवाजात कोणती वारंवारता किती आहे याचा आलेख दिसतो.

पाइपात फुंकू नका. फुंकताना ओठ तोंडाचा काही भाग झाकतात आणि सूर खाली येतो. त्याऐवजी दुसऱ्या फोनवर व्हाइट नॉइज लावा, म्हणजे तो जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना यायचा तसा खरखराट. त्यात जवळजवळ सगळ्या वारंवारता असतात. तो फोन पाइपच्या एका टोकापासून थोडा दूर, मोजणारा फोन दुसऱ्या टोकापाशी. फोनचा मुख्य माइक बहुतेक खाली चार्जिंगच्या भोकाजवळ असतो, तो पाइपच्या तोंडाकडे हवा, पण तोंड झाकलं जाता कामा नये. दोन-तीन सेंटीमीटर सोडा. खरखराटातून पाइप आपल्याला हव्या त्या वारंवारता उचलतो आणि आलेखावर सुळके उभे राहतात.

आमचा पहिला प्रयत्न साफ फसला. मी आधी एका साध्या रेकॉर्डिंग अ‍ॅपवर आवाज टिपला आणि नंतर लॅपटॉपवर बघू म्हटलं. आलेख सपाट! त्या अ‍ॅपमध्ये गोंगाट कमी करायची सोय चालू होती. सतत एकसारखा खरखराट म्हणजे पंखा किंवा ट्रॅफिक असणार, असं समजून त्याने आमचा प्रयोगच पुसून टाकला.

दुसरी गोष्ट सॅम्पल्सची, आणि इथे बरेच जण फसतात. फोन सेकंदाला साधारण ४८,००० वेळा आवाज मोजतो. अ‍ॅपने त्यातले २०४८ नमुने घेऊन आलेख काढला तर आलेखाच्या दोन ठिपक्यांत ४८,००० भागिले २०४८, म्हणजे २३ हर्ट्झचं अंतर राहतं. २८४ मोजायला निघालात आणि पट्टीवरच्या खुणा २३-२३ च्या अंतरावर! सेटिंगमध्ये ही संख्या वाढवा. ३२,७६८ नमुने घेतले तर खुणा दीड हर्ट्झवर येतात. बदल्यात प्रत्येक आलेखाला पाऊण सेकंदाच्या आसपास थांबावं लागतं. बारीक वारंवारता हवी तर जास्त वेळ ऐका, यातून सुटका नाही. यात आणखी एक युक्ती आहे. लांब पाइपचा पाचवा सुळका वाचायचा आणि पाचाने भागायचं, म्हणजे वाचण्यातली चूकही पाचाने भागली जाते.

आणि अ‍ॅप सगळ्यात उंच सुळक्याचा आकडा दाखवतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फोनचा छोटा स्पीकर खालचे सूर नीट वाजवत नाही, त्यामुळे सगळ्यात उंच सुळका दुसऱ्या किंवा तिसऱ्या हार्मोनिकचा असू शकतो. शेजारच्या दोन सुळक्यांमधलं अंतर बघा. तेच मूळ वारंवारतेइतकं असतं.

पाइप बदलला की आवाजाचा वेग बदलतो?

आमचे आकडे असे आले. ६० सेंटीमीटरला २८४ हर्ट्झ, ४० ला ४२१, २० ला ८१४, १० ला १५२६. सूत्रात टाकल्यावर वेग आला अनुक्रमे ३४१, ३३७, ३२६ आणि ३०५ मीटर प्रतिसेकंद.

बहीण म्हणाली, "आता तर अजूनच बिघडलं." मला मात्र बरं वाटलं. एकच आकडा चुकीचा असतो तेव्हा काही कळत नाही. चार आकडे एका ओळीत, पाइप आखूड होईल तसे घसरत जातात, तेव्हा ते काहीतरी सांगत असतात. एकाच खोलीत, एकाच हवेत आवाज आखूड पाइपात हळू पळणार नाही. म्हणजे लांबीत काहीतरी गडबड आहे, आणि ती आखूड पाइपला जास्त भोवते.

हे तुम्ही रोज बघता. ऑनलाइन एक वडापाव मागवला, वीस रुपयांचा, वर तीस रुपये डिलिव्हरी. बिल पन्नास. एकूण भागिले एक केलं तर वडापाव पन्नासचा. दहा मागवले तर बिल दोनशे तीस, वडापाव तेवीसचा. खरा भाव काढायचा तर दोन बिलांची वजाबाकी करायची. १८० रुपयांत ९ वडापाव, म्हणजे वीस. डिलिव्हरी आपोआप कटते. आम्ही सर्व्हरचा वेग तपासतानाही हेच करतो, लहान आणि मोठी विनंती पाठवून फरक बघतो, म्हणजे दर वेळी लागणारा ठरावीक वेळ बाजूला पडतो.

तर वारंवारता बाजूला ठेवून फेरीचा वेळ काढला. १००० भागिले वारंवारता म्हणजे मिलिसेकंद. २० सेंटीमीटरला १.२२९, ४० ला २.३७५, ६० ला ३.५२१. आता फरक बघा. २० वरून ४० ला जाताना वेळ वाढला १.१४६ मिलिसेकंद. ४० वरून ६० ला जातानाही १.१४६! हा आकडा दुसऱ्यांदा आला तेव्हा बहिणीने माझ्या हातातून कॅल्क्युलेटर ओढून घेऊन स्वतः परत करून बघितलं.

पाइप २० सेंटीमीटरने वाढला की फेरी ४० सेंटीमीटरने वाढते. ०.४० मीटर भागिले ०.००११४६ सेकंद म्हणजे ३४९ मीटर प्रतिसेकंद. पुस्तकातला ३४३ हा आकडा २० अंश तापमानाचा आहे. आमच्या खोलीत त्या वेळी २८ अंश होते, आणि त्या तापमानाला कोरड्या हवेत वेग ३४८ च्या आसपास असतो. दमट हवेत तो किंचित वाढतो. म्हणजे तिने "बरोबर" म्हणून ३४३ लिहिलं असतं तर तेही चुकलंच असतं.

मग डिलिव्हरी चार्ज किती? ३४९ च्या वेगाने १.२२९ मिलिसेकंदांत आवाज जातो ४२.९ सेंटीमीटर. निम्मे केले की २१.४. पट्टीने पाइप २० सेंटीमीटर आणि आवाजाच्या हिशोबाने २१.४. साठच्या पाइपचं तेच गणित केलं तर ६१.४. प्रत्येक पाइप साधारण १.४ सेंटीमीटरने जास्त लांब निघाला.

पाइप संपतो तिथे पाइप संपत नाही

परत दादरला जाऊ. दारातून बाहेर पडलेली गर्दी दाराच्या चौकटीवर विरत नाही. दारासमोर प्लॅटफॉर्मवर एक-दोन पावलं ती तशीच दाटलेली असते, मग पांगते. पाइपच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर आत-बाहेर हलत असते. तिला वजन आहे, तिला हलवायला जोर लागतो. त्यामुळे आवाजाच्या दृष्टीने पाइप तोंडाच्या थोडा पुढे संपतो. तोंड जितकं रुंद, तितका हा वाढीव भाग मोठा.

किती मोठा, हे बारावीच्या पुस्तकात आहे: प्रत्येक उघड्या तोंडाला आतल्या व्यासाच्या ०.३ पट. यालाच टोकाची दुरुस्ती म्हणतात. अनुनाद नळीच्या प्रयोगात ती सगळेच लिहितात, मीही लिहिली होती, कुठून येते हे न विचारता. नेमका आकडा काढणं सोपं नव्हतं. पातळ कडेच्या गोल पाइपसाठी तो १९४८ मध्ये हॅरॉल्ड लेव्हिन आणि ज्युलियन श्विंगर यांनी गणिताने काढला: त्रिज्येच्या ०.६१३३ पट. श्विंगर म्हणजे ज्यांना पुढे १९६५ मध्ये फाइनमन आणि तोमोनागा यांच्याबरोबर नोबेल मिळालं, तेच. आमच्या पाइपची त्रिज्या १.१ सेंटीमीटर, दोन तोंडं मिळून १.३५ सेंटीमीटर. आम्हाला १.४३ मिळालं. उरलेला मिलिमीटरहून कमी फरक बहुधा तोंडाजवळ धरलेल्या फोनचा आणि माझ्या करवतीचा.

याची आणखी एक खात्री तळहाताने करता येते. ६० चा पाइप एका बाजूने बंद केला तर सूर २८४ च्या निम्म्यावर, १४२ वर यायला हवा. आम्हाला १४४ मिळाला. दोन हर्ट्झ जास्त का? बंद तोंडाला वाढीव भाग नसतो. एकाच तोंडाची दुरुस्ती उरली, पाइप तेवढा आखूड झाला. पुढचे सुळके ४३१ आणि ७१८ च्या आसपास, म्हणजे तिप्पट आणि पाचपट. मधले खरंच गायब होते.

उत्तर जुळवायचा मोह मोठ्या माणसांनाही होतो बरं का. न्यूटनने आवाजाचा वेग मोजून नव्हे, सिद्धांतातून काढला होता. उत्तर आलं सेकंदाला ९७९ फूट, मोजमाप सांगत होतं ११४२ फूट. प्रिन्सिपियाच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हवेतल्या घन कणांची जाडी आणि हवेतली वाफ अशी कारणं देऊन तो फरक भरून काढला. खरं कारण वेगळंच होतं. आवाजाच्या लाटेत हवा इतक्या झटकन दाबली जाते की ती तेवढ्यापुरती गरम होते आणि जास्त ताठ वागते, न्यूटनने तापमान स्थिर धरलं होतं. हे लाप्लासने १८१६ मध्ये दाखवलं. शंभर वर्षं तो फरक तिथेच पडून होता, झाकलेला.

तापमानावरून आठवलं, हे बासरीवाल्यांना फॉर्म्युल्याशिवाय माहीत असतं. हवा १० अंशांनी तापली तर आवाजाचा वेग आणि म्हणून बासरीचा सूर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाव भागाहून थोडा जास्त. कानाला कळण्याइतका. हार्मोनियमचा सूर धातूच्या पट्ट्या ठरवतात, त्यांना हे लागू नाही. त्यामुळे पुण्यात डिसेंबरच्या थंडीत उघड्या मांडवात पेटी आणि बासरी एकत्र असतील तर थंड बासरी आधी फुंकून गरम करून घ्यावी लागते.

बहिणीने वहीत ३२६ खोडला नाही. खाली चार पाइपांचा तक्ता केला, फेरीचे वेळ लिहिले आणि शेवटी ३४९. तिच्या मॅडमनी "३४३ का नाही?" असं विचारलंच, तर तिच्याकडे उत्तर आहे.

एक तुकडा अजून मोजायचा राहिलाय. बिल्डिंगच्या गच्चीवर ड्रेनेजच्या कामातून उरलेला, आतून १०४ मिलिमीटर रुंद आणि बरोबर ३० सेंटीमीटर लांब पाइप पडला आहे. त्याला दोन तोंडांचे मिळून सुमारे ६.४ सेंटीमीटर जास्त मिळायला हवेत. माझा अंदाज ४८० हर्ट्झ. साध्या सूत्राने त्यातून वेग निघेल २८८. रविवारी वर जाऊन बघणार आहे.